न पाहिलेली रोपं

नोकरीचे शेवटचे सात महिने उरले होते, गुडघे कुरकुरत होते आणि आता मला कुणी काही मागू नये एवढीच माझी इच्छा होती. नेमका तेव्हा त्या मुलीचा फोन आला. महाराष्ट्रातल्या कुठल्याशा कृषी संस्थेत ती पीएच.डी. करत होती. झाशीच्या लॅबमध्ये फोन उचलणारी बाई चक्क मराठी बोलते म्हटल्यावर तिला कोण आनंद झाला. पाच मिनिटांत मी मॅडमची काकू झाले. तिथंच सावध व्हायला हवं होतं, कारण काकू म्हणणारं माणूस पाठोपाठ काम सांगतंच.

तिला आमची रजिस्टरं हवी होती. तिचं म्हणणं असं, की कुठला विषाणू कुठल्या झाडाला लागतो हे सगळे छापतात, पण कुठल्या झाडाला लागत नाही हे कुणीच सांगत नाही. ते कपाटात पडून राहतं, आणि दुसऱ्या गावातला दुसरा माणूस तीच तपासणी पुन्हा पहिल्यापासून करत बसतो. म्हणून ती देशभरातल्या लॅबमधून दोन्ही गोळा करत होती, लागलेलं आणि न लागलेलं, आणि कुणालाही बघता येईल असा एक मोठा तक्ता करत होती. खरं तर शहाणपणाची गोष्ट होती. इतक्या वर्षांत आमच्यातल्या एकालाही सुचली नव्हती. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःलाच दोन शिव्या दिल्या.

ही तपासणी म्हणजे माझी अख्खी नोकरी. मी शास्त्रज्ञ नव्हे, टेक्निकल असिस्टंट. आजारी वेलाचं पान आणायचं, खलात वाटायचं, मलमलच्या फडक्यातून रस गाळायचा. मग एखाद्या निरोगी रोपाच्या पानावर रेतीसारखी बारीक पूड भुरभुरायची आणि त्यावर तो रस बोटानं चोळायचा. पुडीनं पानाला न दिसणारे ओरखडे पडतात, त्यातून विषाणू आत जातो. जोर जास्त झाला तर पानच मरतं, कमी झाला तर काही होत नाही. तो अंदाज बोटाला यायला मला दोन वर्षं लागली. नंतर एकवीस दिवस रोज बघायचं. पानावर पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची नक्षी उमटली तर रजिस्टरात प्लस, तीन आठवडे पान साफ राहिलं तर मायनस. चवळी, मिरची, मका, झेंडू, तीळ, धोतरा, जे मिळेल ते. बाकीच्या बायकांच्या हाताला चव असते म्हणतात. माझ्या हाताला रोगराई होती.

आता खरी गोम सांगते. आमच्या सरांचा, म्हणजे लॅबच्या तेव्हाच्या प्रमुखांचा, एक दंडक होता: रजिस्टरात रकाना रिकामा दिसता कामा नये. दरवर्षी तपासणीला समिती यायची, आणि समितीतल्या लोकांना विषाणू कळो न कळो, रिकामा रकाना बरोब्बर दिसायचा. हे का भरलं नाही, त्या दिवशी हजर कोण होतं, लेखी उत्तर द्या. त्यामुळे मे महिन्यात नेटहाऊसमधली, म्हणजे जाळीच्या शेडमधली, रोपं उन्हानं करपली, माकडांनी कुंड्या उलथल्या, मी रजेवर होते, काहीही झालेलं असो, तिथं मायनस टाकायचा. लागण दिसली नाही ना, मग मायनसच, यात खोटं काय, असं सर म्हणायचे. आम्ही सगळे तेच करत होतो. करपलेल्या रोपाची खरी हकीकत मी माझ्या कच्च्या वहीत पेन्सिलनं लिहून ठेवायची, आणि ती वही समितीपुढं कधी जायची नाही.

मुलीनं जो तक्ता भरायला पाठवला त्यात प्रत्येक झाडापुढं तीन पर्याय होते: लागण झाली, लागण झाली नाही, आणि पाहिलं नाही. तो तिसरा पर्याय मी दोनदा वाचला. तो खरेपणानं भरायचा म्हणजे एकेका मायनससाठी कच्ची वही काढायची, तारीख जुळवायची, त्या दिवशी रोप जिवंत होतं का ते बघायचं. पहिलं रजिस्टर मी तसं केलं. त्या एकालाच दोन आठवडे गेले. वह्यांना वाळवी लागलेली, पेन्सिल पुसट झालेली, आणि कॉम्प्युटरवर मी दोन बोटांनी टाइप करणारी.

दुसरं रजिस्टर उघडलं त्या दुपारी मी इतकी थकलेली होते की काय सांगू. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सकाळ त्यांची, दुपार ऑफिसची, संध्याकाळ पुन्हा त्यांची. थंडीनं बोटं आखडलेली. मी कच्ची वही मिटली आणि बाजूला सारली. तिथून पुढं जेवढे मायनस दिसले तेवढे सरळ "लागण झाली नाही" म्हणून भरत गेले. आठवड्यात काम उरकलं. तक्ता पाठवला तेव्हा मनाला टोचणी वगैरे काही लागली नाही. हे लिहायला लाज वाटते, पण बरंच वाटलं.

होळी झाली आणि तिचा फोन आला. आवाजातच उड्या होत्या. तिच्या अभ्यासात लौकीवरचा एक विषाणू होता. लौकी म्हणजे तिकडचा दुधी भोपळा. मी लौकी म्हटलं की ती हसायची, आणि तुमचं अर्धं मराठी माझ्या पणजीचं आहे आणि अर्धं हिंदी, असं म्हणायची. तर हा विषाणू मावा पसरवतो, ती बारीक हिरवी कीड. मावा आजारी वेलावर सोंड खुपसतो आणि तीच सोंड घेऊन पुढच्या वेलावर बसतो. पण वाटेत त्याला दुसरं एखादं झाड आडवं आलं, ज्याला हा विषाणू लागत नाही, तर तो आधी त्यावर सोंड टोचून बघतो आणि सोंड पुसली जाते. म्हणून शेताच्या कडेनं असं झाड लावायचं, आपण दारात पायपुसणं टाकतो तसं. आणि असं झाड तिला सापडलं होतं. तीळ.

तीळ का, तर माझ्या तक्त्यात तिळापुढं तीन वेळा "लागण झाली नाही" होतं. तीन वेगवेगळ्या वर्षी, एकदाही अपवाद नाही. तिच्या प्रबंधाचा एक अख्खा भाग त्यावर उभा राहत होता. शिवाय झाशीजवळच्या बरुआसागरच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याचं शेत आमच्याच लॅबमार्फत ठरलं होतं. येत्या आषाढात त्याच्या लौकीभोवती तीळ पेरायचा, आणि आजूबाजूच्या गावांत वाटायला एक माहितीपत्रकही छापायचं. तिळाला हा विषाणू लागतच असेल तर मात्र सगळं उलटं होणार होतं. पायपुसणं म्हणून जे लावलं, तेच विषाणूचं बिऱ्हाड होऊन बसणार होतं आणि मावा तिथूनच वेलांवर जाणार होता. हे तिनं सांगायची गरज नव्हती, मला कळत होतं. ती मात्र म्हणाली, तुमच्यामुळे झालं काकू. मी काहीतरी पुटपुटले आणि सासूबाई हाक मारताहेत असं सांगून फोन ठेवला. सासूबाई तेव्हा गाढ झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन आधी कच्च्या वह्या काढल्या. पहिल्या वर्षीचा तीळ: मे महिना, कूलरचं पाणी संपलं, नवव्या दिवशी सगळी रोपं करपली. दुसऱ्या वर्षीचा: माकडं आत शिरली, कुंड्या फुटल्या. तिसऱ्या वर्षीचं पान वाळवीनं खाल्लं होतं. मी डोकं धरून बसले, पण त्या वर्षीचा तीळ डोळ्यांपुढं येईना. चवळी आठवत होती, मिरची आठवत होती, तीळ नाही. म्हणजे ज्याच्यावर ती पोरगी प्रबंध लिहीत होती ते मी एकदाही धड पाहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सरांकडे गेले. तेही आमच्यासारखेच जुन्या मराठी घराण्यातले, खंडेराव गेटच्या आत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झालीत. डोळ्यांनी कमी दिसतं, भिंगानं पेपर वाचतात. लॅबमध्ये चारचौघांत आम्ही हिंदीत बोलायचो आणि दार लागलं की मराठीत, ती सवय इतकी पक्की आहे की त्यांच्या घरीही मी आधी दाराकडे बघितलं. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "चार महिने राहिलेत तुझे. मान खाली घालून काढ."

मूठ आता आपली राहिली नाही सर, मी म्हटलं, ती मी माझ्या हातानं त्या मुलीला देऊन बसले आहे. माझा आवाज चढला होता. त्यांच्यापुढं मी उभ्या नोकरीत आवाज चढवला नव्हता. त्यांनी रकाने भरायला लावले म्हणून ही वेळ आली, असं तोंडाशी आलं होतं. पण रकाने भरणारा हात माझाच होता, आणि मुलीनं तर तिसरा पर्याय ठेवला होता. म्हणून ते तोंडातच ठेवलं.  मग सरांनी विचारलं, तीळ आपण खरंच एकदाही पाहिला नाही का गं? नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, मी तर वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आलो, तिळाला हा लागत नाही म्हणून. स्वतःच्याच रजिस्टरावर त्यांचा विश्वास बसला होता. मला त्यांचा राग यायचा तो तिथंच विरला, नुसतं दमल्यासारखं झालं. त्यांच्या सुनेनं चहा आणला, तो पिऊन मी घरी आले.

सरळ फोन करून मुलीला सांगायचं सोडून मी काय केलं, तर तीळ पेरला. कारण उघड आहे. तपासून बघू, नाहीच लागला तर प्रश्नच मिटला, कुणाला काही सांगायला नको. इतकी वर्षं न पाहता लिहिलेलं खरं निघावं म्हणून मी आता पाहणार होते. लबाडीच ती, दुसरं काय. तीही लगेच जमली नाही. वैशाखात सासूबाई गेल्या, त्यांचे दिवस करण्यात महिना गेला आणि जूनच उजाडला.

कुंड्यांत तीळ उगवून आला तेव्हा आजारी पान आणायला बसनं बरुआसागरला गेले, त्याच शेतकऱ्याकडे. उन्हाळी लौकीचे शेवटचे वेल उरले होते, पानं आक्रसलेली, नक्षीदार. तो माझ्याएवढाच असेल. खाटेवर बसवून त्यानं पाणी दिलं आणि कोपऱ्यातली गोणी दाखवली. बी आणून ठेवलं होतं. इकडे तिळाला तिल्ली म्हणतात.

"मैडमजी, पानी गिरतई तिल्ली बो दें न?"

पाऊस पडला तरी पेरायचं थोडं थांबा भैया, मी म्हटलं, मी सांगेन. का, असं त्यानं विचारलं नाही. लॅबवाल्या बाई सांगताहेत म्हणजे बरोबरच असेल, असा त्याचा चेहरा होता. त्या चेहऱ्याकडे मला बघवेना. पानं ओल्या कापडात गुंडाळली आणि मिळेल त्या बसनं परत आले.

नेटहाऊसमध्ये रोपं जगली नसती म्हणून तिळाच्या कुंड्या लॅबच्या आतल्या खोलीत ठेवल्या. कूलरमध्ये पाणी मी स्वतः भरायची, दिवसातून तीनदा, रविवारीसुद्धा. घरच्यांना वाटलं निवृत्तीच्या तोंडावर हिला नोकरीचं वेड लागलं. बोट म्हातारं झालं होतं, पण अंदाज विसरलं नव्हतं. रस चोळला, पानं पाण्यानं धुतली, आणि रोज सकाळी चप्पल काढायच्या आधी कुंड्यांपाशी जाऊन उभी राहायची. पान उजेडात धरायची आणि मनात म्हणायची, लागू नकोस बाबा. आयुष्यभर मी रोपं आजारी पडायची वाट बघितली आणि आता एक रोप निरोगी राहावं म्हणून कुलदैवताला साकडं घालत होते. आठवडाभर पान साफ होतं. माझी भूक परत आली.

अकराव्या दिवशी कोवळ्या पानाची शीर जराशी फिकी दिसली. म्हटलं, उन्हाची तिरीप असेल. तेराव्या दिवशी कुणाही आंधळ्याला दिसावं इतकं स्वच्छ दिसत होतं. पिवळी-हिरवी नक्षी, एका नव्हे, निम्म्याहून जास्त कुंड्यांवर. तरी मी हार मानली नाही. तिळाचं पान वाटून त्याचा रस लौकीच्या कोवळ्या रोपांवर चोळला, म्हणजे तो आजार खरोखर त्या विषाणूचाच आहे की नाही ते कळतं. सात दिवसांत लौकीची पानंही आक्रसली. आता पळायला वाट नव्हती.

आधी बरुआसागरला फोन लावला आणि तिल्ली पेरू नका म्हणून सांगितलं. भैयानं बरं म्हटलं. कडेनं मग ज्वारी टाकू का, असं विचारलं, आणि मला तेही सांगता आलं नाही. मग लॅबचं दार लावलं आणि मुलीला फोन केला.

सगळं सांगितलं. करपलेली रोपं, माकडं, वाळवी, समिती, रकाने. मध्ये मध्ये मी फार बोलत होते, कूलर, सासूबाई, गुडघे. ती ऐकत होती. प्रबंध श्रावणात द्यायचा होता. आता तो भाग काढायचा म्हणजे वर्ष गेलं, हे तिनं एकदाच म्हटलं, तेही माझ्यावर न ओरडता. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. मग तिनं विचारलं,

"काकू, तक्ता पाठवलात तेव्हा हे माहीत होतं तुम्हाला?"

वाळवीवर ढकलता आलं असतं. सरांवर तर सहज ढकलता आलं असतं.

"होतं," मी म्हटलं. "कंटाळा आला होता गं मला."

 फोन कट झाला की काय म्हणून मी कानापासून काढून बघितला. मग ती हळूच म्हणाली की बाकीच्या बहुतेक लॅबनी तिला फक्त लागलेलं पाठवलं होतं, न लागलेलं इतकं भरभरून पाठवणारी मी एकटीच होते. म्हणूनच तिनं सगळ्यात जास्त भरवसा माझ्यावर टाकला.  मला रडू आलं आणि ते तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडावर पदर धरला.

तिनं विचारलं, वेळ आहे का. मी हो म्हटलं. ती म्हणाली, दुसऱ्या रजिस्टरपासून सुरू करू, मी नावं वाचते, तुम्ही सांगत जा. मी कच्च्या वह्या पुढ्यात ओढल्या. चवळी, ती म्हणाली. माझी पानं उलटून झाली आणि मी म्हटलं, पाहिलं नाही. मका. पाहिलं नाही. मिरचीला लागण झाली होती, ते पक्कं. धोतरा, माहीत नाही, पान नाहीये. वांगं, पाहिलं नाही. पलीकडून कळफलकाचा टकटक आवाज येत होता. एकेक ओळ जात होती आणि माझं एकेक वर्ष जात होतं. तरीही मी सांगत राहिले.

मग झेंडू आला. झेंडू मला लख्ख आठवत होता. कुंड्या खिडकीत होत्या, मी एकही दिवस चुकवला नव्हता, आणि वहीत एकवीसही दिवसांच्या नोंदी होत्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. झेंडूला नाही लागत, मी म्हटलं, हा मी स्वतः पाहिलाय.

टकटक थांबली.

"नक्की ना, काकू?"

नक्की, मी म्हटलं. मग पुन्हा टकटक झाली, पण तिनं काय लिहिलं ते मला दिसत नव्हतं.